रद्दीत गेलेली सही परत येत नाही!

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरली, की रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा बरं का! आजेसासऱ्यांच्या त्या पिवळ्या कागदांत सावकाराच्या पावत्या आणि लग्नपत्रिकाच जास्त असतील, कबूल. पण एखाद्या चिठ्ठीखाली कुणाची सही आहे ते पाहिलंत का?

भंडारा जिल्ह्यातल्या घरांनी तर हे पाहायलाच हवं. १९५४ साली इथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाबासाहेबांची ती शेवटची निवडणूक. मला विचाराल तर पराभवाचे कागदच अधिक दुर्मीळ. जिंकणाऱ्याचं सगळे जपतात, हरणाऱ्याची पत्रकं चुलीत जातात! त्या वेळी भंडारा मध्यप्रदेशात होता आणि गोंदियाही याच जिल्ह्यात होतं. तेव्हा कागदावर 'मध्यप्रदेश' दिसलं म्हणून तो परका समजू नका.

सही खरी की छापील, हे कसं ओळखायचं? भिंग घ्या. शाईच्या सहीत रेघ कुठं जाड, कुठं बारीक होते, आणि कागद उलटा केला तर कधी कधी दाब जाणवतो. छापील सही सगळीकडे सारखीच दिसते. पावत्यांवर रबरी शिक्क्याच्या सह्याही असतात. आपल्या राज्यघटनेचंच पाहा ना! संविधान सभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी मूळ प्रतीवर सह्या केल्या. तिच्यावरून डेहराडूनला हजार प्रती छापल्या गेल्या. त्यांतल्या सह्या छापील. पुस्तक मोलाचंच, पण सही म्हणून नव्हे.

आणि सहीची किंमत पैशातच असते असं थोडंच आहे? गांधीजी हरिजन फंडासाठी पाच रुपये घेऊन सही देत. १९३४ च्या जानेवारीत केरळातल्या वडकरा गावी कौमुदी नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीनं अंगावरचे दागिने उतरवून त्यांच्या हाती दिले आणि बदल्यात सही मागितली. पुन्हा दागिने घालणार नाही, हेही सांगितलं. बांगड्या देऊन एक कागद घेणारी मुलगी! तो कागद तिच्या लेखी काय असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

असा कागद सापडलाच तर लॅमिनेशन मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी सेलोटेपही नको, त्याचा पिवळा डाग राहतो. घडी उलगडून कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवा आणि ओल लागणार नाही अशा डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. भिंतीवर लावायची हौस असेल तर फ्रेममध्ये झेरॉक्स लावा, उजेडानं मूळ शाई उडते.

पण याहून महत्त्वाचं काम कागद-पेन्सिलीचं आहे. ही सही कुणी, कुठल्या सभेत, कशासाठी घेतली, हे सासूबाईंना आजच विचारा आणि वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. १९५४ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशी ओलांडून गेली. तिचं सांगणं हाताशी नसेल, तर ती सही खरी मानायला कुणी लवकर तयार होत नाही.

कुणी 'ताई, चांगले पैसे देतो' म्हणत आलं, तर घाई नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षं झालेला ऐतिहासिक महत्त्वाचा कागद खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. १९५४ च्या कागदांना ती वर्षं २०२९ मध्ये भरतील. घरात जपणं जमत नसेल, तर आधी संग्रहालयाचा विचार करा. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखनयंत्र जपून ठेवलेलं आहे.

राहता राहिली वाटणी. तीन जावा आणि कागद एक! झेरॉक्स तिघींकडे ठेवा. मूळ प्रत ज्या घरात पावसाळ्यात गळत नाही, त्या घरात.