जव्हार-मोखाडा : दोन चाकांवरून

जव्हारला फिरायला जायचं म्हणजे गावाच्या कडेला जायचं. पश्चिमेला सनसेट पॉइंट, जुन्या लोकांचं धनुकमळ. हवा स्वच्छ असेल तर इथून डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका दिसतो. पूर्वेला हनुमान पॉइंट; मारुतीचं देऊळ, पुढ्यात खोल दरी आणि दूरवर शहापूरचा माहुली किल्ला. एकच निवडायचं तर सकाळी हनुमान पॉइंट, कारण दरीतलं धुकं वर चढताना तिथूनच पाहावं. जव्हारच्या मुकणे राजांचा जयविलास राजवाडाही गावालगतच आहे.

शिरपामाळ : १६६४च्या सुरत स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशाह राजांनी शिरपेच देऊन त्यांचं स्वागत केलं, असं सांगतात. आज माळावर स्मारक आहे.

रस्ता : सायकलसाठी वेगळी वाट नाही. त्र्यंबकेश्वर-नाशिककडे जाणारा डांबरी रस्ताच मोखाड्याला नेतो. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. वळणं आणि चढउतार भरपूर, दुतर्फा भाताची खाचरं आणि उतारावर नागली-वरई. दम असेल तर पुढे खोडाळ्याच्या बाजूला देवबांधचा गणपती आणि थंड हवेचं सूर्यमाळ गाठता येतं.

कधी : पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धुक्यामुळे समोरची एसटीही उशिरा दिसते, म्हणून दिवसाही दिवा लावावा. ब्रेक निघण्याआधी तपासून घ्यावेत. पंक्चरचं सामान आणि पाणी जव्हारलाच भरून घ्यावं.