तळ्याचं पाणी, माशाचं पोट आणि न दिसणारे सोबती



आपल्या हिमायतनगर भागात कोणाच्या ना कोणाच्या शेतात शेततळं असतंच. काहीजण त्यात कटला, रोहू, मृगळ सोडतात. एखाद्या पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, काही उलटे तरंगतात. मग घरातलं लेकरू विचारतं, "बाबा, खाऊ तर रोज पोटभर घातला, मग मेले कसे?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता यायला हवं.

सूक्ष्मजीव येतात कुठून?
अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या आतड्यात सूक्ष्मजीव जवळजवळ नसतातच. अंड्याचं कवच, भोवतीचं पाणी आणि पहिला घास यांतून ते आत जातात. दह्याचंच बघा ना. विरजण तेच असलं तरी दूध आणि ऊब बदलली की दही बदलतं. तसंच माशाच्या पोटात खाद्य आणि पाणी बदललं की सूक्ष्मजीवांची वस्ती बदलते.

मात्र माशाचं शरीरही आपली निवड करतं. 2006 साली शास्त्रज्ञांनी जंतुविरहित वाढवलेल्या झेब्रा माशांत उंदराच्या आतड्यातले सूक्ष्मजीव सोडले. जाती उंदराकडच्याच राहिल्या, पण त्यांचं प्रमाण माशाच्या पोटात असतं तसं होत गेलं.

खाद्याचा परिणाम
कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतीजन्य अन्न, तर मृगळ तळाचा कुजका गाळ. या माशांना जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. कोंडा-पेंड जास्त असेल तर पिष्ट पदार्थ फोडणारे जीवाणू वाढतात, प्रथिनं जास्त असतील तर दुसरे. सीटोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू तर गोड्या पाण्यातल्या अनेक माशांच्या पोटात बी-12 जीवनसत्त्व तयार करतो!

पाण्याचा परिणाम
आता लेकराच्या प्रश्नाकडे येऊ. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं. कुजवणारे जीवाणू ऑक्सिजन वापरतात, पाण्यात अमोनिया वाढतो. रात्री शेवाळही ऑक्सिजनच घेतं, म्हणून पहाटे तो सर्वात कमी असतो. मासे गुदमरतात ते तेव्हाच. जे वाचतात ते अशक्त होतात. एरोमोनास हा जीवाणू निरोगी माशाच्या पोटातही गुपचूप राहतो. मासा अशक्त झाला की तोच उलटतो आणि अंगावर लाल जखमा दिसतात. म्हणजे मासे उपाशी नव्हते, खाऊच जास्त झाला होता.

अशा वेळी कोणी सांगितलं म्हणून प्रतिजैविक पाण्यात ओतू नका. त्याने उपयोगी जीवाणूही मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात. आधी खाद्य थांबवा, ताजं पाणी सोडा आणि जाणकाराला विचारा. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे.

वर्गात करून पाहा
दोन बरण्यांत तळ्याचं पाणी घ्या. एकीत चिमूटभर कोंडा, दुसरीत मूठभर टाका. वर कापड बांधा. तीन दिवस रंग आणि वास यांची नोंद मुलांना करू द्या. नंतर हात साबणाने धुवायचे. पाणी मात्र मोठ्यांनीच आणायचं. शेततळ्याचा प्लास्टिक कागद फार निसरडा असतो, लेकरांना एकटं तिकडं जाऊ देऊ नका.

नववीला 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव' शिकवताना या दोन बरण्या टेबलावर ठेवा. तोच जीवाणू कधी सोबती, कधी वैरी का होतो, हे मुलं स्वतःच सांगतील.