सहा षटकांनंतर चेंडू कुणाकडे?

आमच्या क्लबाचा दुसरा संघ गुरुवारी संध्याकाळी ठरतो आणि शुक्रवारी रात्री मोडतो. पहिल्या संघातल्या कुणाची पाठ धरते, कुणाची शिफ्ट बदलते, कुणाच्या चुलत भावाचं लग्न ब्रॅडफर्डला निघतं. पहिल्या संघाचा कप्तान मग दुसऱ्यातला सगळ्यात चांगला गडी उचलून नेतो. दुसऱ्याचा कप्तान खाली बघतो, तर खाली पंधरा वर्षांखालची पोरंच उभी. शनिवारी दुपारी मैदानात उतरणारे अकरा जण असे जमलेले असतात. एकदा आमच्याकडून खेळणारा सगळ्यात लहान तेरा वर्षांचा होता, सगळ्यात मोठा एकसष्टचा, आणि शेवटच्या काही षटकांत नेमकी तीच जोडी खेळपट्टीवर होती. दुसरी धाव घ्यायला लहान्याने तीनदा हाक मारली, मोठ्याने तीनदा हात दाखवून थांबवलं.

मी या संघाची स्कोअरर. अकोल्याहून इकडे पूर्व लँकशायरात आल्यावर मुलाला ज्युनियर नेटला सोडायला जायचे आणि थंडीत कुडकुडत बसायचे. नुसतं बसण्यापेक्षा म्हणून कुणीतरी हातात पेन्सिल दिली. मुलगा पुढे फुटबॉलकडे वळला, मी राहिले. क्रिकेट कळतं म्हणून नव्हे. नेमकी नोंद ठेवायची सवय आहे म्हणून.

या भागात क्रिकेट म्हटलं की लोक व्यावसायिक खेळाडूंची नावं घेतात. लँकशायर लीग १८९२ची. क्लबाने एक पगारी व्यावसायिक ठेवायचा आणि बाकीचे दहा जण गावचेच, ही तिची जुनी रीत. १९२९ साली वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन नेल्सनला आला, तेव्हापासून जगातले मोठमोठे खेळाडू या गिरणीगावांत खेळून गेले. आपले विजय हजारे रॉटनस्टॉलकडून खेळले, सुभाष गुप्ते रिश्टनकडून. विनू मांकड हॅस्लिंग्डनचे. १९५२च्या दौऱ्यात भारतीय मंडळाने त्यांना संघातल्या जागेची हमी दिली नाही, म्हणून त्यांनी क्लबाशी करार केला. लॉर्ड्‌सच्या कसोटीसाठी क्लबाने सोडल्यावर ते गेले आणि ७२ व १८४ धावा करून, वर पहिल्या डावात ७३ षटकं टाकून आले. आमच्या काळातला जेम्स अँडरसन, ७०४ कसोटी बळींचा, बर्नलीचा. क्लबांच्या बारमध्ये भिंतीवर फोटो असतात ते अशांचे. दुसऱ्या संघाचा फोटो असलाच तर स्वच्छतागृहाच्या वाटेवर.

(ही मैदानं ज्या गिरण्यांच्या सावलीत वाढली, त्यांच्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत आमच्या वऱ्हाडचा कापूस येत होता. आज गिरण्यांतून गालिच्यांची दुकानं आणि फ्लॅट आहेत. गिरण्यांत कामाला आलेल्या पाकिस्तानी आणि गुजराती घरांची तिसरी पिढी मात्र दुसऱ्या संघात गोलंदाजी करते, आणि त्यातली निम्मी पोरं मला आंटी म्हणतात. उरलेली गोरी पोरंही त्यांचं ऐकून आंटीच म्हणायला लागली आहेत.)

कप्तान व्यवसायाने प्लंबर. मध्यमगती गोलंदाजी करतो, त्यातली गती आता बरीचशी गेली आहे. सामन्याआधी तो खेळपट्टी बघायला जातो असं लांबून वाटतं, पण त्याचं खरं काम यादीत असतं. संघाच्या कागदावर अठरा वर्षांखालच्या प्रत्येकापुढे वय लिहावं लागतं, कारण त्या आकड्यांवर दिवसभराचे नियम चालतात. अठराखालच्याने हेल्मेटशिवाय फलंदाजी करायची नाही, यष्टींजवळ उभं राहून यष्टिरक्षणही करायचं नाही. पंधरा व त्याखालच्याला फलंदाजाच्या आठ यार्डांच्या आत उभं करायचं नाही, तेरा व त्याखालच्याला अकरा यार्डांच्या आत. फक्त ऑफच्या बाजूला यष्टींमागे, म्हणजे स्लिप-गलीत चालतं. कपडे बदलायच्या खोलीत मोठे असताना मुलांनी बदलायचं नाही, म्हणून आमची पोरं घरूनच पांढऱ्या कपड्यांत येतात. गाडीतून उतरतानाच त्यांच्या गुडघ्यांवर गवताचे जुने हिरवे डाग दिसतात. धुण्याचं कौशल्य कुणाच्या घरी किती, हे मला त्यावरून कळतं.

या सगळ्यात कप्तानाला सगळ्यात जास्त झुलवतो तो वेगवान गोलंदाजांचा नियम. वाढत्या वयात पाठीच्या मणक्याला ताण बसून हाड चिरतं, म्हणून इंग्लंडच्या मंडळाने वयानुसार षटकं बांधून दिली आहेत. चौदा-पंधराच्या गटाला एका स्पेलमध्ये सहा, दिवसभरात बारा. सहा झाली की त्याच टोकाकडून आणखी सहा षटकं दुसऱ्यांनी टाकेपर्यंत त्याच्या हाती चेंडू द्यायचा नाही. वेगवान कुणाला म्हणायचं याचीही व्याख्या आहे: त्याच वयाचा यष्टिरक्षक ज्याला साधारणपणे मागे उभा राहील, तो वेगवान. फिरकीवाला कितीही टाकू शकतो. त्यामुळे पंधराव्या वर्षी लेगस्पिन टाकणाऱ्या पोरावर दुसऱ्या संघाच्या कप्तानाचं जे प्रेम असतं, ते त्याच्या आईचंही नसेल.

हे आकडे मोजायचं काम माझ्याकडे. वहीत गोलंदाजाच्या नावापुढे षटकांचे चौकोन भरत जातात आणि मी तरुण गोलंदाजाच्या सहाव्या चौकोनाला आधीच पेन्सिलीने फिकट कड करून ठेवते. टॅबलेटवरही सगळं चढवलं जातं, पण बॅटरी संपली की शेवटी वहीच. शेजारी समोरच्या संघाचा स्कोअरर. दर षटकाच्या शेवटी आम्ही बेरीज जुळवतो. पंचाने वाइडची, बायची खूण केली की हात वर करून दाखवायचं, तोवर तो पुढचा चेंडू टाकू देत नाही. नेमलेले पंच मिळाले नाहीत, तर फलंदाजी करणाऱ्या बाजूचेच दोघं पांढरा कोट चढवून उभे राहतात, आणि मग पायचीतचे अपील हा सबंध दुपारचा विषय होतो. धावफलकाच्या पत्र्याच्या पाट्या बदलायला नऊ-दहा वर्षांची दोन मुलं असतात. सहा आणि नऊ ही एकच पाटी उलटी करून लावतात. एकूण धावा बदलायला ती कधीच विसरत नाहीत. गेलेले बळी मात्र आपल्या संघाचे असले की हमखास उशिरा लागतात.

एका जूनमधली दुपार. आकाश खाली आलेलं, खेळपट्टीत ओल. आमचा चौदा वर्षांचा डावखुरा पहिल्यापासून चांगल्या टप्प्यावर टाकत होता. उंचीने बेताचा, धाव लांबलचक. ती टीव्हीवर बघून घेतलेली असावी. चेंडू मात्र आत येत होता, आणि मोठी माणसं त्याच्यासमोर अवघडून खेळत होती. सहा षटकं, अकरा धावा, दोन बळी. त्यांचा चौथा फलंदाज नुकताच आलेला, हात अजून बसलेला नाही. कप्तानाने पॅव्हेलियनकडे तोंड करून ओरडून विचारलं, ‘किती?’ मी सहा बोटं दाखवली. पोराने माझ्याकडे असं बघितलं, की जणू नियम मीच केला होता.

कप्तानाने त्याला फाइन लेगला पाठवलं नाही. चिडलेल्या गोलंदाजाला सीमारेषेवर एकटं सोडायचं नसतं, असं त्याचं मत. त्याने त्याला मिड-ऑफला, आपल्याशेजारी उभं केलं, स्वतः चेंडू घेतला आणि दर चेंडूआधी त्याला विचारू लागला: याला कुठे टाकू, कव्हर पुढे घेऊ का मागे? पोरगा आधी खांदे उडवत होता. तिसऱ्या षटकात त्याने स्वतःहून हात करून शॉर्ट मिडविकेट लावायला सांगितलं. कप्तानाने लावली. तिथे झेल आला नाही, एका चेंडूला चौकारच गेला, पण ती जागा षटकभर तशीच ठेवली. बारा षटकं गेली, सामना त्यांच्याकडे झुकला, धावा सहज निघत होत्या, आणि तेव्हा त्याने चेंडू पुन्हा पोराकडे दिला. त्या दुसऱ्या स्पेलमध्ये त्याला दोन चौकार बसले आणि बळी एकच मिळाला. तो त्या चौथ्याचा, अठ्ठेचाळीसवर.

दुसऱ्या संघाने जिंकायचं की पोरं घडवायची, हा वाद आमच्या बारमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. मला तो वाद खोटा वाटतो, आणि हे मी माझ्या वहीवरून सांगते. सामना हातून गेल्यावर शेवटची तीन षटकं पोराला देणारे कप्तान मी बरेच पाहिले. पोराला ते दान कळतं. तो येतो, टाकतो, कुणी लक्ष देत नाही, तोही देत नाही. वहीत तीन षटकांत बावीस अशी नोंद होते आणि पुढच्या शनिवारी त्याचं उत्तर येतं की आजीकडे जायचंय. सामना कुठेही जाऊ शकतो अशा वेळी चेंडू मिळाला तरच पोराच्या पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्यासकट धाव घ्यायची सवय लागते. अशा वेळी चेंडू द्यायला कप्तानाकडे छाती लागते, कारण हरला तर पॉइंट जातात, आणि पॉइंट गेले की पहिल्या संघाचे जुने लोक कुजबुजतात. आमच्या प्लंबरचं नाव क्लबाच्या कुठल्याच फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाही. येईल असंही वाटत नाही.

फलंदाजीत हे आणखी अवघड. गोलंदाजाला सहा षटकं तरी मिळतात, फलंदाजाला एक चेंडू. नवव्या क्रमांकावर नाव लावलेल्या पोराची बहुतेक शनिवारी बारीच येत नाही. गोलंदाजी नाही, फलंदाजी नाही, दिवसभर सीमारेषेवर पळायचं आणि संध्याकाळी कव्हर ओढायला हात लावायचा. असे दोन शनिवार लागोपाठ गेले की मी कप्तानाच्या समोर वही उघडते. पुढच्या शनिवारी ते पोर चौथ्या क्रमांकावर असतं. म्हणजे एकसष्टचे गृहस्थ दहावे. ते कुरकुरतात आणि जातात, कारण चाळीस वर्षांमागे त्यांच्यासाठीही कुणीतरी खाली सरकलं होतं, असं ते स्वतःच दर वेळी सांगतात.

यष्टिरक्षणाला यंदा सोळा वर्षांची मुलगी आहे. फिरकीला हेल्मेट घालून यष्टींजवळ उभी राहते, बोलते सगळ्यात जास्त, आणि डावखुऱ्याला ‘लांब धावेने वेग येत नाही, दम लागतो’ हे तोंडावर सांगणारी ती एकटी.

चहाचं काय, हे विचारल्याशिवाय क्रिकेटवरचा लेख पुरा होत नाही. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी यजमान क्लबाने चहा द्यायचा रिवाज गेला, ज्याने त्याने डबा आणावा असं झालं. आमच्याकडे तो अर्धाच गेला. काकडीचे सँडविच गेले, समोसे राहिले. पन्नास धावा झाल्या की प्रेक्षकांत टोपली फिरवायची जुनी चाल आहे. दुसऱ्या संघाच्या सामन्याला प्रेक्षक म्हणजे आईबाप, दोन म्हातारे आणि त्यांचा कुत्रा, म्हणून टोपलीत नाणी जेमतेम खुळखुळतात. डावखुऱ्याच्या जोडीदाराने जुलैत एक्कावन्न केल्या तेव्हा जमलेल्या पैशांत सगळ्यांना कोक आला. पन्नास करणाऱ्याने संघाला बिअरचा जग पाजायचा असतो. पंधरा वर्षांचा असेल तर कोकचा, आणि बिल बापाचं.

ऑगस्टमध्ये व्हायचं तेच झालं. पहिल्या संघाच्या वेगवान गोलंदाजाचा स्नायू ओढला गेला आणि शुक्रवारी रात्री डावखुऱ्याला वरून बोलावणं आलं. कप्तान खूश झाला, साधारण दोन मिनिटं. मग त्याला आठवलं की आपले दहाच उरले. तेराखालच्या नेटमध्ये एक पोरगा छान टाकतो, त्याची जन्मतारीख बघ, असा त्याने मला फोन केला. नियम असा की क्लबाच्या साध्या खेळाडूला मोठ्यांत खेळायचं तर त्याआधीच्या एक सप्टेंबरला बारा पूर्ण हवीत. मी यादी काढली. पोरगा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, चार दिवसांनी चुकलेला. मी सांगितलं, पुढच्या वर्षी.

‘पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी,’ कप्तान म्हणाला, ‘उद्याचं बोल. तुझ्या मुलाकडे अजून पांढरे बूट आहेत का?’

होते. दोन नंबर लहान.