वाकवलेला पाना

खंडेनवमीच्या सकाळी चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये डोकावून बघा. लेथ पुसून बंद ठेवलेला, टेबलावर लाल कापड, आणि त्यावर पाने, कानशी, हातोड्या, व्हर्नियर ओळीनं मांडलेले; वर हळद-कुंकू आणि झेंडू. एरवी वर्षभर ही मंडळी कुणाच्या ना कुणाच्या हातात असतात. निवांत बसलेली सापडतात ती याच दिवशी. अवजारांचे फोटो काढायचा माझा नाद महाळुंगेच्या बाजूच्या अशाच एका शेडमध्ये लागला.

मोठ्या कारखान्यांत ही सोय नाही. अनेक ठिकाणी गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. आत शॅडो बोर्ड असतो. त्यावर प्रत्येक अवजाराची आकृती रंगवलेली, म्हणजे पाना जागेवर नसला की लगेच कळावं. पाना गेलाय आणि त्याची सावली मागे राहिलीय, हा फोटो मला अजून मिळालेला नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. जुलै १९५५च्या ‘फॉर्च्युन’ मासिकात वॉकर इव्हान्स या अमेरिकन फोटोग्राफरनं हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या अवजारांचे फोटो छापले: पक्कड, पत्रा कापायची कात्री, थापी, पाना. मागे साधा पडदा, बाकी काही नाही. त्याआधी १९३०मध्ये एडवर्ड वेस्टन या फोटोग्राफरनं ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. नरसाळ्याच्या आतल्या बाजूवरून उजेड परतून चहूबाजूंनी मिरचीवर आला.

हे वाचल्यावर मी गॅरेजमधलं ऑइलचं नरसाळं मागून आणलं. छोट्या नटबोल्टला ते झकास चालतं. पान्याला मात्र खिडकी बरी. क्रोमचा पाना म्हणजे आरसाच; माझा चौकड्याचा शर्ट त्यात तीनदा उमटला. उपाय सोपा आहे: खिडकीला ट्रेसिंग पेपर, समोर पांढरा पुठ्ठा, अंगात काळा शर्ट. कॅमेरा स्टँडवर, अ‍ॅपर्चर एफ-११, आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबताना हात हलत नाही. अवजार घासूनपुसून लख्ख करू नका. नवा पाना कॅटलॉगमध्ये शोभतो.

माझा खरा जीव अडकलाय तो वाकवलेल्या पान्यात. आठ एमएमच्या बोल्टला तेराचा पाना लागतो, पण तो बोल्ट एखाद्या कोपऱ्यात दडलेला असला की सरळ पाना पोचत नाही. मग मिस्त्री त्याला गॅसवर लाल करतो आणि व्हाइसमध्ये धरून वाकवतो. पान्याचं पाणी उतरतं, हे त्यालाही ठाऊक असतं. वाकलेल्या जागी काळी खपली धरते. तिच्यापुढे निळा, जांभळा आणि शेवटी गवती पिवळा रंग उमटतो. तापलेल्या पोलादावर पिवळा साधारण २२० अंशांना येतो, निळा ३००च्या आसपास. कोणता भाग किती तापला, हे पाना स्वतःच सांगतो. हे रंग तिरप्या मऊ उजेडातच दिसतात. फ्लॅश मारला की संपलं.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, एकापेक्षा एक नखरेल. मी ते तासन्‌तास पाहिलेत. तरी माझं मत ठाम आहे: अडकित्त्याला आपण सुंदर आहोत हे माहीत असतं, वाकवलेल्या पान्याला नसतं. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याकडे खुरपं पाहिलं होतं, धार लावून लावून निम्मं उरलेलं. तेही पान्याच्याच पंक्तीतलं.

त्या शेडमधल्या मिस्त्रींना मी पान्याचा मोठा प्रिंट दिला. त्यांनी तो हातात घेतला, जरा पाहिला आणि उलटा फिरवला.

“असा धरतात तो,” म्हणाले.