विश्लेषण : लाडकी गाडी दुरुस्त करावी, नव्याने बांधावी की निरोप द्यावा?

पावसाळ्यात पाण्यात बुडालेली, सायन-पनवेल महामार्गावर ठोकर बसलेली किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे गंजत पडलेली गाडी... घरातल्यांचा जीव तिच्यात अडकलेला असतो. गॅरेजवाला मात्र एस्टिमेट हातात ठेवतो आणि प्रश्न उभा राहतो, की खर्च करायचा कुठपर्यंत? हा निर्णय भावनेवर सोडण्याआधी विमा, पत्रा आणि आरटीओ या तिन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात.

नवी मुंबईत धोका जास्त का?

शहराचा बराच भाग ठाणे खाडीलगत, सखल जमिनीवर वसलेला आहे. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून सिडकोने येथे धारण तलाव बांधले. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की पाण्याचा निचरा मंदावतो आणि रस्ते तुंबतात. त्यात खाडीची खारी, दमट हवा वर्षभर पत्रा खात असते. त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून सडलेली असू शकते.

‘टोटल लॉस’ कधी ठरतो?

विमा पॉलिसीत गाडीची ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यासाठी ठरलेली किंमत लिहिलेली असते. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी टोटल लॉस धरली जाते. समजा, आयडीव्ही ४ लाख रुपये आहे. एस्टिमेट ३ लाखांच्या वर गेले तर टोटल लॉस. २ लाख ६० हजार आले तर दुरुस्तीचा क्लेम.

दुरुस्तीचा सगळा खर्च विमा देतो का?

साध्या पॉलिसीत नाही. सुट्या भागांवर घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. पत्र्याच्या भागांवर ५ ते १० वर्षे जुन्या गाडीला ४० टक्के आणि १० वर्षांपुढे ५० टक्के. म्हणजे ८ वर्षे जुन्या गाडीचे बॉनेट आणि फेंडर ६० हजारांचे असतील, तर २४ हजार मालकाच्या खिशातून जातात. बंपर २० हजारांचा असेल तर आणखी १० हजार. ‘झिरो डेप’ जोड असेल, तरच हा भार टळतो.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहावी का?

अजिबात नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी फिरवली, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारले जाते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ लागते. बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच हलवा.

दुरुस्ती की पुनर्बांधणी?

खरा निकष इंजिन नाही, सांगाडा आहे. इंजिन खोलून रिंग-पिस्टन बदलता येतात. पण आजच्या बहुतेक कारला वेगळी चासी नसते. बॉडी हाच सांगाडा असतो. जुन्या प्रीमियर पद्मिनीचीही रचना अशीच होती. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा, दाराखालची पट्टी, सस्पेन्शनचे टॉवर आणि पिलर तपासा. पत्र्यावर चुंबक चिकटत नसेल, तर आत लांबी भरलेली असू शकते. दारे नीट बसत नसतील किंवा चाकांचे अलाइनमेंट लागतच नसेल, तर सांगाडा वाकला आहे असे समजा. नुकसान बोल्टने लागणाऱ्या भागांपुरते असेल तर दुरुस्ती. सांगाड्याचे अनेक भाग कापून वेल्डिंग करावे लागणार असेल, तर ती पुनर्बांधणी. तिचा खर्च आधी सांगता येत नाही आणि अपघातात ती गाडी पूर्वीइतकी सुरक्षित राहील, याची हमीही नसते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. इंजिन बदलल्यास त्याची नोंद आरसीवर करावी लागते. दुसऱ्या गाडीचा सांगाडा आणून त्यावर आपला चासी नंबर ठोकणे हा गुन्हाच आहे.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले.

५० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणजे हौसेने केलेली पुनर्बांधणीच हा मार्ग बंद करू शकते. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

टोटल लॉस झाली तरी गाडी ठेवता येते का?

अनेकदा येते. कंपनी भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम देते आणि गाडी मालकाकडे राहते. मात्र आरसी रद्द करण्याची अट आहे का, हे सही करण्याआधी लेखी विचारा. आरसी रद्द झाली, की गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

मग ठरवायचे कसे?

आधी सर्व्हेअरची पाहणी होऊ द्या, त्याआधी गाडी खोलू नका. दोन गॅरेजांकडून लेखी एस्टिमेट घ्या. सांगाडा शाबूत असेल, सुटे भाग मिळत असतील आणि घसारा वजा जाता खर्च झेपत असेल, तर खुशाल दुरुस्त करा. बाजारभाव कमी असला तरी ते पैसे वाया गेले असे नाही. सांगाडाच गेला असेल, तर मुलाबाळांना त्या गाडीत बसवू नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिल्यास प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. स्टिअरिंग किंवा बॉनेटवरचे बोधचिन्ह आठवण म्हणून काढून घ्यायचे असेल, तर केंद्राला आधी तसे सांगा.