विश्लेषण : गावच्या देवराईसाठी निधी कुणाकडे मागायचा? निसर्गरक्षणाचा पैसा कुठून येतो, कुठे अडतो?

कोकणातल्या एखाद्या गावाने ठरवले, की आपली देवराई राखायची. आतला झरा साफ करायचा, गुरे शिरू नयेत म्हणून गडगा घालायचा, उजाड झालेल्या जागी तिथलीच झाडे लावायची आणि पुढची काही वर्षे राखण करायची. खर्च काही लाखांचा. गावात इच्छा आहे, माणसे आहेत, पैसा नाही. अशा कामांसाठी निधी देणारे कायदे, योजना आणि संस्था बऱ्याच आहेत. पण प्रत्येक निधीचा अर्जदार वेगळा, अटी वेगळ्या आणि मुदतही वेगळी. त्यामुळे अर्ज चुकीच्या दारात जातो आणि चांगले काम कागदावरच राहते.

अर्ज करण्याआधी काय पाहावे?

पहिला प्रश्न जमिनीचा. देवराई नोंदीत कुणाच्या नावावर आहे? खासगी मालकांच्या, देवस्थानाच्या, महसूल खात्याच्या की वनविभागाच्या? सातबारा पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. जमीन वनविभागाची असेल तर परवानगीशिवाय तिथे साधा बांधही घालता येत नाही. खासगी असेल तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती लागते. 

दुसरा प्रश्न अर्जदाराचा. पैसा कुणाच्या खात्यात येणार? ग्रामपंचायत, जैवविविधता व्यवस्थापन समिती, ग्रामसभा आणि नोंदणीकृत संस्था या चौघांसाठी चार वेगळी दारे आहेत. गावातील उत्साही तरुणांच्या बिननोंदणीच्या गटाला यातले जवळपास कोणतेच दार उघडत नाही. त्यांना यापैकी कुणाला तरी सोबत घ्यावे लागते.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातील वनस्पती, प्राणी, पिके आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही करणे हे तिचे काम. याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. राष्ट्रीय प्राधिकरण आणि राज्य मंडळाकडून आलेली रक्कम तसेच जैविक संसाधने व्यापारासाठी गोळा करणाऱ्यांकडून समितीने घेतलेले शुल्क या निधीत जमा होऊ शकते. महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे.

राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. बऱ्याच ठिकाणी ही समिती केवळ कागदावर असते. तरीही तिचे महत्त्व काय, हे २०२५ मध्ये दिसले. सातारा जिल्ह्यातील साखरवाडी (ता. फलटण) आणि पुणे जिल्ह्यातील कुंजीरवाडी (ता. हवेली) येथील समित्यांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने प्रत्येकी ४५.५० लाख रुपये मंजूर केले. या भागातील पिकांचे अवशेष आणि मातीतील सूक्ष्मजीव यांचा उत्पादनासाठी वापर करणाऱ्या कंपनीकडून आलेला हा लाभातील वाटा होता. तो जैवविविधता रक्षणासाठीच वापरावा लागतो. समिती, तिचे बँक खाते आणि नोंदवही जागेवर असेल, तरच असा पैसा घेता येतो.

याशिवाय २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात पंचतत्त्वांवर आधारित कामाचे गुणांकन होते आणि चांगल्या कामगिरीबद्दल स्थानिक संस्थांना रोख बक्षिसे मिळतात. मात्र इथे काम आधी आणि पैसा नंतर.

कंपन्यांचा सीएसआर निधी कुणाला मिळतो?

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. आदल्या वर्षी ५०० कोटी रुपये निव्वळ मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पर्यावरण, वनस्पती व प्राण्यांचे रक्षण आणि नैसर्गिक संसाधनांचे संवर्धन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. म्हणून मुंबईतल्या मोठ्या नावाकडे धाव घेण्यापेक्षा जवळच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांकडे आधी विचारणा करणे शहाणपणाचे.

हा पैसा संस्थेमार्फत खर्च होणार असेल, तर त्या संस्थेची प्राप्तिकर कायद्याखालील ‘१२ए’ आणि ‘८०जी’ नोंदणी हवी आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेणेही बंधनकारक झाले. आजच स्थापन झालेल्या गावच्या संस्थेला हे जमत नाही. त्यामुळे पहिली काही वर्षे तालुक्यातील अनुभवी संस्थेशी करार करून काम करणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

वनविभागाकडचा पैसा गावापर्यंत येतो का?

रस्ते, खाणी, धरणे यांसाठी वनजमीन वळवली जाते तेव्हा प्रकल्प यंत्रणेकडून भरपाई घेतली जाते. ती ‘कॅम्पा’ या निधीत जमा होते. २०१६ च्या कायद्यानुसार त्यातील ९० टक्के रक्कम राज्यांकडे आणि १० टक्के केंद्राकडे राहते. रक्कम मोठी आहे, पण गावाला किंवा संस्थेला तिथे थेट अर्ज करता येत नाही. वनविभागाच्या वार्षिक कृती आराखड्यातून ती खर्च होते. संयुक्त वन व्यवस्थापन समितीने आपली कामे त्या आराखड्यात वेळेत सुचवणे, एवढाच मार्ग उरतो. अभयारण्ये व व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी राज्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. ती ग्राम परिस्थितिकी विकास समितीमार्फत राबवली जाते.

परदेशी निधीचे काय?

जागतिक पर्यावरण सुविधा, म्हणजे ‘जीईएफ’ची लघु अनुदान योजना १९९२ पासून स्थानिक संस्था आणि समुदायांसाठी चालते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत राबवल्या जाणाऱ्या या योजनेत एका प्रकल्पाला साधारण ५० हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळते. गावानेही श्रम, साहित्य किंवा पैशाच्या रूपाने वाटा उचलावा, अशी अपेक्षा असते.

परदेशातील खासगी प्रतिष्ठानांकडून पैसा घ्यायचा असेल तर परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. यातील शेवटच्या अटीचा फटका लहान संस्थांना बसला. पूर्वी शहरातील मोठी संस्था निधी मिळवून गावपातळीवरच्या संस्थांना वाटून देत असे. ती वाट आता बंद आहे.

कोणत्या कामाला पैसा लवकर मिळतो?

मोजता येणाऱ्या. दहा हजार रोपे लावली, हे अहवालात आणि छायाचित्रात दिसते. वणवा लागू दिला नाही, कुऱ्हाड चालू दिली नाही, हे दिसत नाही. त्यामुळे वृक्षारोपणाला देणगीदार मिळतात, राखणदाराच्या पगाराला मिळत नाहीत.

याचा तोटा माळरानांना सर्वाधिक होतो. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर पट्ट्यातील गवताळ माळ ही पडीक जमीन नव्हे. लांडगा, चिंकारा, धाविक यांचे ते घर आहे आणि मेंढपाळांचे चराईक्षेत्रही. तिथे खड्डे खणून दाट झाडे लावली, तर निसर्गरक्षणाच्या पैशातूनच निसर्गाचे नुकसान होते. देवराईतही तेच. मोकळ्या जागेत शोभेची किंवा झटपट वाढणारी परकी झाडे लावण्यापेक्षा तिथल्याच बियांपासून तयार केलेली रोपे हवीत. ती वाढायला वेळ घेतात. देणगीदाराला हे आधीच सांगावे. नाही तर त्याच्या सोयीसाठी काम बदलण्याची वेळ येते.

अनुदान संपल्यावर काय?

सीएसआरच्या नियमांत बहुवर्षीय प्रकल्पाची कमाल मुदत, सुरुवातीचे आर्थिक वर्ष वगळून, तीन वर्षे आहे. देवराईतले झाड एवढ्या काळात कमरेएवढेही होत नाही. म्हणून टिकलेल्या बहुतेक प्रयत्नांमागे गावाचे स्वतःचे उत्पन्न दिसते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास (ता. मंडणगड) येथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह उभे केले. कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावातल्या घरांत उतरू लागले आणि कासवाची पिल्ले समुद्रात जाण्याशी घरच्या उत्पन्नाचा थेट संबंध जोडला गेला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि बांबूविक्रीचे उत्पन्न गावाकडे येऊ लागले. त्या जंगलाची राखण करायला बाहेरच्या अनुदानाची वाट पाहावी लागली नाही.

प्रत्येक गावाकडे कासवे किंवा बांबू नसतो, हे खरे. पर्यटकांची गर्दी देवराईला मानवेलच असेही नाही. तरी अनुदान उभारणीसाठी आणि राखण गावाच्या उत्पन्नातून, ही विभागणी पहिल्याच दिवशी ठरवलेली बरी.

अर्ज नामंजूर होऊ नये म्हणून...

ग्रामसभेचा ठराव, जमिनीचे उतारे, संमतिपत्रे, जागेचा नकाशा, आजच्या स्थितीची तारखेसह छायाचित्रे, झाडे-पक्ष्यांची यादी आणि मागील वर्षांचे लेखापरीक्षण एकत्र ठेवावे. अंदाजपत्रकात रोपांइतकीच पाणी, राखण आणि हिशेबनिसाचीही रक्कम धरावी. मिळालेल्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्यावे, कारण पुढचा हप्ता त्यावरच अवलंबून असतो. सुरुवात लहान रकमेने करावी. पन्नास हजारांचा चोख हिशेब दाखवणाऱ्या गावावर पाच लाखांसाठी विश्वास टाकणे देणाऱ्यालाही सोपे जाते.