गावाकडे दवाखाना काढायचा आहे?

आपली मंडळी जमली, जेवणं आटोपली आणि गप्पा रंगल्या की एक विषय हमखास निघतो. "रिटायर झाल्यावर गावाकडे एक छानसा दवाखाना काढायचा आहे." डॉक्टर मंडळी तर हे म्हणतातच, पण इंजिनीअर आणि बँकवालेही म्हणतात. आईवडिलांच्या नावाने काहीतरी उभं करावं, ज्या मातीने आपल्याला शिकवलं तिचं थोडं ऋण फेडावं, ही त्यामागची भावना. ती अगदी खरी असते, आणि बऱ्याच वेळा हाताशी पैसाही असतो. तरीसुद्धा इमारत बांधून झाली, पाटी लागली, उद्घाटन झालं आणि चार वर्षांत कुलूप लागलं, असं होऊ शकतं. ते का होतं आणि कसं टाळता येईल, याचा विचार इथे असतानाच केलेला बरा.

शहरात मोठं, धंदेवाईक इस्पितळ काढायचं असेल तर तो मार्ग वेगळा. अमेरिकेत शिकून परतलेल्या डॉ. प्रताप रेड्डींनी १९८३ साली मद्रासला १५० खाटांचं अपोलो सुरू केलं ते भागभांडवल उभारून. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असतो तो मात्र तालुक्याच्या गावचा दवाखाना. त्यासाठी अमेरिकेत शिकून महाराष्ट्रात परतलेल्या दोन जोडप्यांकडे पाहावं.

जामखेड आणि गडचिरोली

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरचे पदवीधर. अमेरिकेला येण्याआधी त्यांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं होतं. बरा करून घरी पाठवलेला रोगी तेच दुखणं घेऊन परत येतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. म्हणून इथे रेसिडेन्सी केल्यावर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० साली जामखेडला गेले. दुष्काळी तालुका, पैसा बेताचा. पहिला दवाखाना सुरू झाला तो जनावरांच्या जुन्या, पडीक दवाखान्यात!

त्यांचा बेत होता की शिकलेल्या नर्सेसनी खेड्यांत राहून काम करावं. ते काही जमलं नाही. बाहेरून आलेल्या मुलींना एकटीने खेड्यात राहणं अवघड जायचं आणि गावातल्या बायकाही त्यांचं ऐकत नसत. मग गावातलीच एक बाई निवडून तिला शिकवायचं ठरलं. यातल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित समाजातल्या. बाळंतपण, लसी, जुलाब, स्वच्छ पाणी हे सगळं त्यांनी सांभाळलं. सुरुवातीला हजारी १७६ च्या घरात असलेलं बालमृत्यूचं प्रमाण पुढच्या वीसेक वर्षांत तीसच्या खाली आलं. जामखेडला रुग्णालय होतंच, पण गावांतला साधा आजार गावातच आवरल्यामुळे खाटा खऱ्या गरजूंसाठी मोकळ्या राहिल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये गेले. त्यांच्यामागेही काम चालू राहिलं, कारण ते गावातल्या बायकांच्या हातात होतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही हॉपकिन्सचेच. १९८४ साली शिक्षण पुरं करून ते परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. त्यांनी आधी काय बांधलं? काहीच नाही. आधी विचारपूस केली, मोजमाप केलं. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं दिसलं. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

मग आदिवासींना विचारलं, तुम्ही इस्पितळात का येत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पाहून मेलेल्या माणसाची आठवण होते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. म्हणून दवाखाना बांधला तो गोंडांच्या पाड्यासारखा, झोपड्या-झोपड्यांचा, जिथे घरची माणसं सोबत राहू शकतील असा. नाव ठेवलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना. आपण पाटीवर कोणाचं नाव घालायचं याचा घोळ घालत बसतो, तेव्हा हे उदाहरण आठवावं.

कागदपत्रं

आता जरा रुक्ष भाग, पण तो वाचल्याशिवाय चेक लिहू नये. खाटा ठेवायच्या तर शुश्रूषागृह नोंदणीच्या १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी हवी. सोनोग्राफीचं मशीन ठेवायचं तर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली वेगळी नोंदणी. एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, कचऱ्याला प्रदूषण मंडळाची. धर्मादाय ट्रस्टचं मोठं रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीने द्याव्या लागतात.

पैशाचं तर त्याहून सांभाळून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी 'परदेशी' धरली जात नाही. अमेरिकन नागरिक झालेल्यांची मात्र धरली जाते, ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला तिकडच्या संस्थेकडे २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० पासून असा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. नव्या ट्रस्टला सहसा तीन वर्षांचं काम दाखवल्याशिवाय ही नोंदणी मिळत नाही. इथली करसवलत हवी असेल तर देणगी साधारणपणे इथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत जावी लागते. १९७८ पासून काम करणारं महाराष्ट्र फाउंडेशन हे त्याचं आपल्या ओळखीचं उदाहरण. आणि हो, अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, पण तिच्यावर बांधायचं तर बिगरशेती वापराचे सध्याचे नियम आधी तपासून घ्यावेत.

यंत्रं आणि माणसं

इथल्या हॉस्पिटलांनी काढून टाकलेली यंत्रं पाठवायचा मोह फार होतो. ती चालतात ११० व्होल्ट आणि ६० सायकलवर. तिकडची वीज २३० व्होल्ट, ५० सायकल. त्यात सुटे भाग कोण देणार, दुरुस्ती कोण करणार? ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १६ देशांमधली आकडेवारी तपासली, तेव्हा दवाखान्यांतली सुमारे ३८ टक्के उपकरणं बंद पडलेली आढळली. शिवाय वापरलेली यंत्रं भारतात नेण्यावर सरकारी निर्बंध आहेत, हे वेगळंच. तिकडे विकत मिळतं आणि तिकडेच दुरुस्त होतं, तेच घ्यावं.

माणसांचं तर त्याहून कठीण. सर्जन मिळाला तरी भूलतज्ज्ञ हवा, रात्रपाळीची नर्स हवी, लॅबचा माणूस हवा. त्यांना राहायला घर आणि मुलांना शाळा हवी. आपण डिसेंबरात तीन आठवडे जातो. दवाखाना बावन्न आठवडे चालवायचा असतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या आधी दहाव्या वर्षाचं बजेट मांडावं: पगार किती, औषधं किती, रोग्यांच्या फीमधून किती निघेल, बाकीचे कुठून येतील आणि आपल्या पश्चात कोण पाहील. एवढं कागदावर जमत नसेल तर विटा आणू नयेत.

मग करायचं तरी काय? पहिलं वर्ष फक्त गावाला विचारण्यात घालवावं. बाळंतपणासाठी बायका कुठे जातात, साप चावला तर गाडी मिळते का, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात कसली उणीव आहे? कदाचित असंही निघेल की नवा दवाखाना नकोच आहे, चालू असलेल्या दवाखान्याला एका भूलतज्ज्ञाचा पगार हवा आहे. आईवडिलांच्या नावाने तो दिला तरी ऋण फिटतंच की!

आपल्या मंडळातल्या ज्यांनी असा प्रयत्न केला असेल, त्यांनी खर्चाच्या आकड्यांसह आणि अडचणींसह अवश्य लिहावं. पुढच्या माणसाला त्याचा फार उपयोग होईल.